गोळीबरोबरची कॉफी

आक्काला रोज सकाळी कॉफी पाजून मी तिचं ऑपरेशन चार महिने लांबवलं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ही हकीकत मी कुणाला सांगायला बसलो की सुरुवात बंगळूरपासून करतो, तिथल्या कॉफीच्या वासापासून, आणि ऐकणारा जरा रंगात आला की आतून बायको ओरडते, “आधी तुम्ही काय केलासा ते सांगा, मग वासाचं सांगा.” तर केलं ते असं केलं. आता वासाचं सांगतो.

मी बेळगावात एका मराठी शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं. घर वडगावात. आमच्या भिंतीला भिंत लावून शेजाऱ्यांचा माग आहे. तो सकाळी आठला सुरू होतो, वीज गेली की थांबतो, आणि थांबला की इतका वेळ आपण सगळे एकमेकांवर ओरडून बोलत होतो हे आमच्या लक्षात येतं. निवृत्त झाल्यावर महिनाभर मुलाकडं बंगळूरला राहिलो. मुलगा आणि सून सकाळी कामाला जायचे. मग घरात मी आणि दाराची बेल. समोरच्या घरातल्या आजोबांना माझी दया आली. त्यांनी मला फिल्टर कॉफी करायला शिकवली. वरच्या भांड्यात पावडर घालायची, जरा दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि थेंब थेंब खाली पडायची वाट बघायची. निवृत्त माणसाला याहून चांगलं काम सापडणं अवघड. पाऊण तास आपण काही करत नसतो आणि तरी काहीतरी चाललेलं असतं.

येताना पिशवीत स्टीलचा फिल्टर आणि चिकोरी घातलेली अर्धा किलो पावडर घेऊन आलो. आमच्याकडं पाहुणा आला की चहा, गेला की चहा, भांडण मिटलं की चहा. त्यात मी कॉफीचा झेंडा रोवला. फोनवर कॉफीचे फायदे यायला लागले. लिव्हरला चांगली, साखरेच्या दुखण्याला लांब ठेवते, मेंदू तरतरीत राहतो, म्हातारपणी हात थरथरत नाहीत. हे शेवटचं वाचताना माझे हात थरथरत होते, कारण तो त्या दिवसाचा पाचवा कप होता. तोटेही यायचे. झोप उडते, पित्त वाढतं, छातीत धडधडतं. ते मी न वाचता व्याह्यांकडं पाठवून द्यायचो.

“फायदे सगळे ह्यांच्या तोंडात,” बायको म्हणायची, “आणि तोटे माझ्या पातेल्यात. घासून घासून काळं जाईना झालंय.”

ती कोल्हापूरची. चहाच्या बाजूची.

आक्का माझी थोरली बहीण, निपाणीत राहते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले. आई बिड्या वळायची, आणि चौथीची परीक्षा झाली तशी आक्काही आईशेजारी मांडीवर सूप घेऊन बसली. दोन वर्षांनी मी पहिलीत बसलो. ह्या दोन बसण्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही. मी गणिताचा मास्तर असूनही तो संबंध लावायला मला फार वर्षं लागली. पुढं तिचं लग्न झालं, मुलं झाली, नवरा गेला, मुलाला टेम्पो झाला. सूप काही मांडीवरून उतरलं नाही. मी तिच्याकडं गेलो की ती वर न बघता म्हणायची, “आलास व्हय बारक्या? बस.” बोटं चालूच. पान, तंबाखू, वळ, दोरा.

गेल्या वर्षी खानापुराकडं आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. लग्नात माझं लक्ष जेवणावर होतं, बायकोचं आक्कावर. परतताना गाडीत ती म्हणाली, “वन्सं सबंध लग्नात उभ्याच होत्या. बघितलासा का?”

“माणसं वाढायला कमी होती,” मी म्हणालो.

“खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. जन्म बसून काढलेली बाई ती.”

दुसऱ्या रविवारी बायको मला घेऊन निपाणीला गेली. मला बाहेर ओट्यावर बसवलं आणि आक्काला आत घेऊन गेली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. अंग बाहेर येत होतं आक्काचं, गर्भाशय खाली सरकलेलं. आठ वर्षं. मांडी घालून बसलं की फार त्रास, म्हणून हल्ली बिड्याही ती उंच पाटावर, एका अंगावर कलून वळायची. सुनेला नाही, मुलाला नाही, कुणालाच सांगितलं नव्हतं. मी ओट्यावर भिंतीकडं बघत राहिलो. बायकांचं दुखणं, त्यात थोरली बहीण. काय बोलावं कळेना.

“बोलू नका,” बायको म्हणाली. “गाडीत बसवा.”

तवंदीचा घाट ओलांडताना आक्का एकदाच बोलली. “बारक्या, तुज्याकडं मला काय काम देणार? रिकामं बसून मला जमायचं न्हाय.”

“तू फक्त बरी हो,” मी म्हणालो. वाक्य मला फार आवडलं. पुढचे चार महिने मी ते होऊ दिलं नाही.

बेळगावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई चांगल्या भेटल्या. तपासून म्हणाल्या, ऑपरेशन करावं लागेल, घाबरण्यासारखं काही नाही, पण अंगात रक्त फार कमी आहे. असं टेबलावर घेता येणार नाही. रक्तवाढीच्या गोळ्या देते, रोज सकाळी एक, उपाशीपोटी. महिन्याला तपासू. रक्त भरलं की लगेच करून टाकू.

गोळ्या घ्यायच्या खिडकीवर गर्दी होती. आतल्या सिस्टरनं गोळ्यांच्या पट्ट्यांबरोबर एक कागद पुढं सरकवला. गोळी कशी घ्यायची त्याची माहिती, सगळी कानडीत. एकच प्रत शिल्लक होती, तिची झेरॉक्स काढून परत द्या म्हणाली. आणि मग तिनं माझ्याकडं बघून विचारलं, “कन्नड ओदाक बरतैतेनरी?” कानडी वाचता येतं का?

इथं थांबून एक कबूल करायला पाहिजे. मला कानडी बोलता येतं. बाजारात कानडीत घासाघीस करून मी वांग्याला रडवतो. पण वाचता येत नाही. मराठी शाळेत शिकलो, मराठी शाळेत शिकवलं. पाट्यांवरची ती गोल गोल अक्षरं मी चित्रं ओळखावीत तशी ओळखतो. ह्या पद्धतीनं एकदा निपाणीची बस म्हणून चढलो आणि गोकाकात उतरलो. घरी सांगितलं, धबधबा बघायला गेलतो.

माझ्या मागं रांग होती. शेजारी आक्का होती, जिच्या डोळ्यांत मी म्हणजे शिकलेला माणूस. वर्गात तेहतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, “येत नसेल तर सरळ हात वर करा, लाज कसली?”

“बरतैतरी!” मी सिस्टरला ठणकावून सांगितलं. येतं की हो!

कोपऱ्यावरच्या दुकानात तीन झेरॉक्स काढल्या. मी कशाच्याही तीन काढतो. मूळ कागद परत दिला आणि घरी येऊन, चष्मा लावून, आक्कासमोर तो कागद वाचला. म्हणजे वाचत असल्यासारखा बराच वेळ धरला. अक्षरांनी दाद दिली नाही, पण वर चित्रं होती. एक गोळी. तिच्याशेजारी एक कप, वाफ येणारा. त्याच्यापलीकडं लिंबाची फोड. गणितात आकृती दिली की पोरांना मी म्हणायचो, आकृतीकडं नीट बघा, उत्तर तिथंच आहे. मी नीट बघितलं. उत्तर तिथंच होतं.

“गोळी गरम कपाबरोबर घ्यायची,” मी जाहीर केलं. “लिंबू ज्यांना कॉफी परवडत नाही त्यांच्यासाठी.”

“चाच्या कपाबरोबर?” आक्कानं आशेनं विचारलं. ती चहाची भोक्ती. साखर जास्त, आलं जास्त.

“चहा नव्हे. चहाला असा कप काढत नाहीत,” मी म्हणालो. हे कुठून सुचलं कुणास ठाऊक.

मूळ कागदावर त्या कपावर एक लाल फुली होती, हे फार उशिरा कळलं. ऊन लागून लागून ती फिकी झालेली, आणि झेरॉक्सच्या यंत्रानं ती पार खाऊन टाकली. खिडकीवर मूळ कागद माझ्या हातात दहा मिनिटं होता. तेव्हा मी कागदाकडं न बघता, आपण कानडी किती झोकात बोललो ह्याचा विचार करत होतो.

तेव्हापासून रोज सकाळी सातला आक्का तोंड धुऊन खिडकीजवळच्या खाटेवर कलून बसायची आणि मी तिला गोळी आणि वाफाळती कॉफी नेऊन द्यायचो. आयुष्यात मी तिला पहिल्यांदाच काहीतरी करून घालत होतो. लहानपणी शाळेला जाताना मला भाकरी बांधून देणारी ती. आता कप धरून मी उभा. ती गोळी जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि कप रिकामा करून माझ्या हातात द्यायची. तोंड जरा वाकडं व्हायचं. मला वाटायचं गोळी कडू असेल.

“बरं वाटतंय?” मी विचारायचो.

“वाटंल की,” ती म्हणायची.

महिन्यानं तपासलं. रक्त आहे तिथंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळ लागतो कधी कधी. “गोळी बरोबर घेताय ना?” मी म्हणालो, “अगदी कागदाप्रमाणं, मॅडम.” दुसऱ्या महिन्याला तेच. “कागदाप्रमाणं?” “तंतोतंत.” तिसऱ्या महिन्याला काटा केसभर खालीच आला होता. डॉक्टरीणबाईंनी ह्या वेळी कागद नाही विचारला. त्या म्हणाल्या, “अजून एक महिना बघू. नाही वाढलं तर आतून कुठं रक्त जातंय का ते शोधावं लागेल. दुर्बीण घालून पोट बघू. गाठबीठ नाही ना, तेही बघायला पाहिजे.”

गाठ ह्या शब्दानंतर मला पुढचं काही ऐकू आलं नाही. रिक्षात आक्का मधे, मी एका बाजूला, बायको एका बाजूला. आक्कानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “तू कशाला तोंड पाडतोस रं?” आणि तिच्या त्या धीर देण्यानंच माझं डोकं फिरलं. भ्यालेला माणूस कुणावर तरी ओरडतो. शाळेत मी फळ्यावर ओरडायचो.

घरात पाऊल टाकलं आणि मी म्हणालो, “आक्का, खरं सांग. गोळ्या घेतेस की टाकून देतेस?”

“आँ?”

“माझ्यासमोर जिभेवर ठेवतेस. मी पाठ फिरवली की थुंकतेस? चूळ भरतेस? घेतल्या असत्या तर रक्त वाढलं नसतं? नव्वद गोळ्या खाऊन शेळीचंसुद्धा वाढलं असतं!”

त्याच वेळी वीज गेली. शेजारचा माग थांबला. माझं शेवटचं वाक्य सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

बायको म्हणाली, “अहो!” आक्कानं खाटेखालून आपली कापडी पिशवी ओढली. वाकताना तिला त्रास होत होता, तरी मला पिशवीला हात लावू दिला नाही. पिशवीतून तिनं एक पुडकं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. एकावर एक नीट रचून, कडा जुळवून, वरून बिडीच्या कट्ट्याला, म्हणजे जुडीला, बांधतात तसा दोरा, तसाच दोन वेढ्यांचा, तशीच घट्ट गाठ.

“मोज,” ती म्हणाली.

मी मोजल्या नाहीत. तिनंच मोजल्या, बोटानं एकेक कड उचलून. नऊ होत्या. दहा दहाच्या नऊ.

“बिडीवाले पानं मापून देत हुते आमाला,” आक्का म्हणाली. “बिड्या कमी भरल्या की चोर म्हणायचे. पान किडकं निघालं तरी चोर. मग आई म्हणली, कातरणसुदीक टाकू नगंस, पदरात बांधून ठेव. कुणी इचारलं तर दाखवायला असूदे.” तिनं पुडकं परत पिशवीत घातलं. “तवाधरनं ठेवतो मी सगळं. तुला दाखवायची पाळी येईल असं वाटलं न्हवतं रं.”

ती एवढंच बोलली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मला चुकलो म्हणायचं होतं. ते आमच्या घराण्यात कुणाला म्हणता येत नाही. मग मी काय केलं असेन? आत गेलो, फिल्टर लावला, पाऊण तास उभा राहिलो आणि चांगली दाट कॉफी करून तिच्यापुढं नेली.

तिनं कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “आता गोळी न्हाय की.”

“असंच. पी.”

प्याली. तोंड वाकडं करून सगळी प्याली. मी समजलो, मला माफ केलं.

चौथ्या महिन्याला रक्त पुन्हा तिथंच. ह्या वेळी डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीची चिठ्ठी लिहायला घेतली आणि मधेच थांबल्या. मला बाजूला सारून आक्कालाच विचारलं, “आजी, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते एकेक सांगा बघू मला.”

“काय करणार? उठतो. मशेरी सोडलीया, नुसतं तोंड धुतो. मग ह्यो कप आणतोय. गोळी तोंडात टाकतो आन कॉफीनं गिळतो.”

पेन खाली ठेवलं गेलं. “कशानं?”

“कॉफीनं.”

“कुणी सांगितलं कॉफीनं घ्यायला?”

आक्कानं हात माझ्याकडं केला. तिच्या आवाजात एवढं सगळं होऊनही कौतुक होतं. “ह्यो आमचा बारका. मास्तर हाय. त्येनं तुमचा कागुद वाचलाय.”

“सर, कागद आहे तुमच्याकडं?”

असणारच. फाईलमध्ये तीन प्रती होत्या. मी एक रुबाबात पुढं केली. डॉक्टरीणबाईंनी ती घेतली, कपाचं चित्र बघितलं, वर माझ्याकडं बघितलं आणि कागद मला परत दिला. “खालची ओळ वाचा.”

मी चष्मा शोधला. तो माझ्या नाकावर होता. मग मी कागद जवळ धरला, लांब धरला. “झेरॉक्स जरा पुसट आली आहे, मॅडम.”

“दे हिकडं,” आक्का म्हणाली.

मला वाटलं ती मला वाचवतेय, कागद घडी घालून ठेवणार. तिनं तो मांडीवर ठेवला, सपाट केला आणि बिडीच्या पानानं काळं झालेलं बोट पहिल्या अक्षरावर टेकवलं. बोट सरकत गेलं आणि ती एकेक अक्षर सोडवत वाचत गेली, “मा-त्रे... जो-ते... च-हा... का-फी... कु-डि-य-बा-र-दु.”

डोळ्यांना न येणारं कानडी मला कानांनी सगळं येतं. गोळीबरोबर चहा, कॉफी पिऊ नये.

मी आक्काकडं बघत होतो. कॉफीचं नंतर, ती वाचत होती हेच आधी माझ्या डोक्यात शिरेना. “तुला कानडी वाचता येतं?”

“त्यात काय? बायकांचा साक्षरतेचा वर्ग निघाला हुता नव्हं का आमच्याकडं. बिडीच्या कार्डावर, दवाखान्याच्या फारमावर सगळं कानडीच. वाचाय नको? पाच-धा बायकांचं मीच वाचून देत हुतो.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तू कवा इचारलास?”

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं, पण मला सोडलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं ते इतकं सोपं होतं की सातवीच्या पोराला कळावं. चहात आणि कॉफीत असे पदार्थ असतात की ते गोळीतल्या लोहाला पोटातच धरून ठेवतात, रक्तात फारसं उतरू देत नाहीत. लिंबू उलट त्याला आत जायला मदत करतं. “म्हणजे सर, तुम्ही रोज गोळी दिलीत आणि रोज तुम्हीच ती वाटेत अडवलीत.”

“मग कॉफी वाईटच म्हणायची,” बायको म्हणाली. तिचा स्वर घाईचा होता. घरी जाऊन फिल्टर मोडीत घालायची तिची तयारी दिसली.

“वाईट नाही हो. बहुतेकांना दिवसाला दोन-तीन कप काही करत नाहीत, उलट थोडंफार चांगलंच म्हणतात. पण रक्त कमी असलेल्यानं ती गोळीच्या आणि जेवणाच्या आसपास घेऊ नये. तास-दोन तास मधे जाऊ द्यावे.” मग त्या माझ्याकडं वळल्या. “तुम्ही स्वतः किती पिता?”

“तीन,” मी म्हणालो.

“सहा,” बायको म्हणाली.

“छातीत धडधडतं?”

मी धडधडत नाही म्हणणार होतो, पण त्या क्षणी बाहेर ऐकू जाईल एवढं धडधडत होतं. माझा रक्तदाब मोजला गेला. सहाचे दोन झाले, आणि तेही दुपारी बाराच्या आत.

दुर्बिणीची चिठ्ठी टेबलावर तशीच होती. डॉक्टरीणबाईंनी ती फाडली नाही, आक्काच्या कागदांत खाली सरकवली. “महिनाभर लिंबूपाण्यानं घ्या. मग ठरवू.” तो महिना आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत. चूक सापडली म्हणून मी सुटलो नव्हतो. माझी चूक हेच कारण असलं तर बरं, नाहीतर गाठ. आपणच गाढव ठरावं म्हणून देवापुढं हात जोडलेले मी त्याच महिन्यात.

सकाळी सातला आता मी लिंबू पिळायचो. बायको आठवड्यातनं चारदा पालेभाजी करायची आणि आक्काचा जेवणावरचा चहा काढून घेतल्यामुळं शिव्या खायची. “तुमी दोघं मिळून मला मारताय बघा. एक कॉफी पाजून, एक चा तोडून.” चहा मिळायचा, पण अकरा वाजता. साडेदहापासून आक्काचं घड्याळाकडं लक्ष.

आणि त्या रिकाम्या वेळात तिनं मला शिकवायला घेतलं. आपण होऊन नाही. मीच एक दिवस शेजाऱ्यांचं कानडी कॅलेंडर मागून आणलं आणि तिच्यापुढं ठेवलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “बस खाली.” मी खाली बसलो, ती खाटेवर. बोट अक्षरावर. मी चुकलो की डोक्यात टपली. तेहतीस वर्षं पोरांना मी विचारत आलो, एवढं सोपं येत कसं नाही? आक्कानं तसं एकदाही विचारलं नाही. ती म्हणायची, “ऱ्हाऊदे. उद्या येईल.” शेजारच्या मागाच्या तालावर मी अ आ इ ई घोकत होतो, आणि दाराशी कुणी आलं तर बायको सांगत होती, “थांबा जरा, आमचे हे शाळेत गेल्यात.”

महिन्यानं रक्त वाढलं. थोडं, पण वाढलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघून मान हलवली आणि खालची ती चिठ्ठी काढून फाडली. मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो. बायको मागून आली, रुमाल दिला. पुढच्या महिन्याला आणखी वाढलं, आणि आक्काचं ऑपरेशन झालं. सरळ झालं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं, “चा कवा मिळंल?”

त्यानंतर आणखी दीड महिना ती आमच्याकडं होती. एक दिवस सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो, तर आक्का जमिनीवर बसली होती. मांडी घालून. सरळ. मांडीवर आमचं तांदळाचं सूप, आणि ती खडे निवडत होती. मला बघून म्हणाली, “काय बघतोस? बसाय येतंय मला.” बायको चुलीकडं तोंड करून उगाच फोडणी ढवळत राहिली. मी परत बाहेर आलो आणि वर्तमानपत्र उलटं धरून वाचलं. कानडी नव्हतं, मराठीच होतं.

निपाणीला परत जायच्या दिवशी तिची पिशवी भरली. ते दोऱ्यानं बांधलेलं पट्ट्यांचं पुडकं मी मागून घेतलं. “कशाला तुला?” म्हणाली. मी म्हणालो, फाईलला लावतो. दिलं. अकराची बस होती. आणि नऊच्या सुमाराला आक्का आपण होऊन म्हणाली, “बारक्या, तुजी ती कॉफी कर की एक कप.”

मला भरून आलं. एवढा सगळा घोळ करूनही तिला आठवण झाली होती. गोळी सातला झालेली, जेवण लांब. वेळ डॉक्टरांनी सांगितली तशी. मी ताजी पावडर काढली. दूध दोनदा वर आलं, उतू जाऊ दिलं नाही. साखर तिच्या आवडीची, जास्त. उंचावरून ओतून फेस आणला, बंगळूरच्या आजोबांनी शिकवला तसा. कप तिच्या हातात दिला आणि समोर बसलो.

आक्कानं ह्या वेळी डोळे मिटले नाहीत. पहिला घोट घेतला, जरा थांबली. दुसरा घेतला. मग हळूहळू सगळा कप संपवला, खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

“कशी झालीया?” मी विचारलं.

“चार म्हैनं मला वाटायचं ह्येच औषध हाय, आन गोळी नुसती संगं दिलीया,” आक्का म्हणाली. “म्हणून सोसलो. म्हटलं आज एकदा नुसती कॉफी म्हणून पिऊन बघावी. लईच वंगाळ करतोस रं तू.”